घसारा

ब्रायटन शहराच्या पाठीशी जे डोंगर आहेत त्यांना ‘डाउन्स’ म्हणतात. डाउन म्हणजे खाली, एवढे इंग्रजी आम्हा दोघा भावांना येत होते. त्यामुळे पहिल्याच दिवशी चढावर धाप लागून थांबल्यावर माझे थोरले बंधू अण्णा म्हणाले, “हे जर खाली, तर हे लोक वर कशाला म्हणतात?” टेकडी या अर्थाचा एक जुना इंग्रजी शब्द पुढे ‘डाउन’ झाला, हे आम्हाला नंतर समजले. तोपर्यंत अण्णांनी त्यांचे नाव ‘उलटे डोंगर’ ठेवून टाकले होते, आणि घरात शेवटपर्यंत तेच चालले.

२०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस अण्णा, वहिनी, सौ. आणि मी असे चौघे अण्णांच्या मुलाकडे ब्रायटनला गेलो. चारही तिकिटे त्यानेच काढली होती, एकाच विमानाची. लिहिताना ही साधी गोष्ट वाटते. पण २००१ साली आमची वाटणी झाली, त्यानंतर अण्णा आणि मी एका छपराखाली सलग दोन रात्रींहून अधिक काळ राहिलो नव्हतो. लग्नकार्यात भेट होई, पूजेला शेजारी बसत असू, दरवर्षी क्षमावाणीला न चुकता फोन होई. भांडण म्हणावे असे कधी झालेच नाही. आवाज चढला नाही, वकील मध्ये आला नाही. उलट नात्यात लोक आमच्या वाटणीचे उदाहरण देत. फक्त बोलणे आखडत गेले, इतके की प्रकृती आणि पाऊस यांपलीकडे विषय उरला नाही. आता पाच आठवडे एका घरात काढायचे होते. पुतण्याने हा घाट मुद्दामच घातला असावा असा मला संशय आहे. त्याने तो अजून कबूल केलेला नाही.

त्याच्या शेजारी भूगोलाचे एक निवृत्त शिक्षक राहतात, साधारण आमच्याच वयाचे. आठवड्यातून दोन दिवस ते डोंगरावर चालायला जातात. आम्ही दोघे सोफ्याच्या दोन टोकांना बसून एकाच वर्तमानपत्राची दोन पाने वाचत असतो हे त्यांनी पाहिले असावे. त्यांनी आम्हाला सोबत नेण्याची तयारी दाखवली. आम्ही आपसांत त्यांना ‘गुरुजी’ म्हणू लागलो. कातडे नसलेले चालण्याचे बूट शोधण्यात एक शनिवार गेला. अखेर सगळे कापडाचे आणि रबराचे असे दोन जोड मिळाले. अण्णांनी आयुष्यात प्रथमच नाडीचे बूट घातले. ती नाडी पहिले काही दिवस पुतण्या बांधून देत असे.

पहिली फेरी ‘छत्री’पर्यंत झाली. होय, तेथील लोकही हाच शब्द वापरतात. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या डिसेंबरपासून, ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियन या राजवाड्यात जखमी हिंदी सैनिकांसाठी रुग्णालय उघडले होते. निरनिराळ्या धर्मांच्या आणि जातींच्या सैनिकांसाठी तेथे नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरे होती, हे ऐकून वहिनींनी त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांचे मनापासून कौतुक केले. त्यांना तर एकाच स्वयंपाकघरात दोन सुना सांभाळाव्या लागल्या होत्या. जे हिंदू आणि शीख सैनिक वाचू शकले नाहीत, त्यांतील त्रेपन्न जणांवर पॅचम गावावरच्या उघड्या डोंगरावर अग्निसंस्कार झाले. त्या जागी पांढऱ्या संगमरवराची घुमटी उभी आहे. १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचे अनावरण झाले. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या वास्तुविशारदाचा. भोवती गवत, मेंढ्या आणि वारा. दूर खाली शहर, आणि त्यापलीकडे समुद्राची एक पट्टी.

छत्रीच्या जवळ २०१० साली एक दगडी भिंत उभारून त्यावर त्या त्रेपन्न जणांची नावे कोरण्यात आली. अण्णांनी बूट काढले, म्हणजे नाडीशी झटापट करून काढले, आणि एकेक नाव बोटाने वाचत गेले. अण्णांना रोजमेळ तपासताना मी लहानपणी पाहिले आहे, अगदी तसेच. शेवटच्या नावापर्यंत पोचल्यावर म्हणाले, “पंच्याण्णव वर्षांनी का होईना, कुणीतरी नोंद पुरी केली.” उतरताना ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

या डोंगरांविषयी थोडे सांगायला हवे, कारण आपल्या सह्याद्रीची सवय असलेल्या माणसाला ते डोंगर वाटतच नाहीत. कडा नाही, कातळ नाही, झाडीही फारशी नाही; पालथ्या घातलेल्या परातींसारखे गोल उतार आणि त्यांवर अगदी आखूड गवत. हे गवत शतकानुशतके मेंढ्यांनी आणि सशांनी कुरतडून असे राखले आहे. मेंढ्या काढल्या की काही वर्षांतच काटेरी झुडपे माजतात. दुसऱ्या महायुद्धात अन्नधान्यासाठी असली पुष्कळ कुरणे नांगरली गेली. जी उरली त्यांची आता जपणूक होते. गुरुजी गुडघे टेकून बसत आणि हाताएवढ्या जागेत सात-आठ प्रकारची रोपे दाखवत. चंडोल डोक्यावर इतका उंच जाऊन गात असे की तो कधी दिसला नाही.

गवताखाली वीतभर माती, आणि मातीखाली सगळा खडू. शाळेत फळ्यावर आपण लिहीत होतो तो खडू बहुधा जिप्समचा असतो, हा अस्सल. नखाने ओरखडला तर पांढरी भुकटी हाताला लागते. कोट्यवधी वर्षांपूर्वी येथे उबदार समुद्र होता. त्यात तरंगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या कवचांच्या चकत्या तळाशी साचत गेल्या, हजार वर्षांत जेमतेम एक-दोन सेंटिमीटर, आणि त्याचे हे डोंगर झाले. पुतण्याने हे मराठीत सांगितल्यावर अण्णा थबकले. “म्हणजे आपण जीवांच्या अंगावरून चाललोय की रे,” असे म्हणून त्यांनी पुढचे पाऊल जपून टाकले. आपल्या पश्चिम घाटाचा काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. म्हणजे हा पांढरा डोंगर आपल्या काळ्या डोंगरापेक्षा जुना निघाला. खडूच्या थरांत गारगोटीच्या काळ्या गाठी ओळीने बसलेल्या असतात. तेथील जुन्या घरांच्या आणि चर्चच्या भिंती याच गारगोट्यांच्या आहेत. शब्दाचे भाषांतर झाल्यावर अण्णांना हसू आवरेना: “एवढे विमानाचे पैसे घालून शेवटी गारगोटीलाच आलो. कोल्हापूरहून एस.टी.नं आलो असतो!”

‘डेव्हिल्स डाइक’ नावाची एक खोल दरी पाहिली. तळाला ओढा असेल म्हणून आम्ही वाकून पाहिले, तर नुसते गवत. खडू सच्छिद्र असतो. पडलेले पाणी वर राहतच नाही, खाली मुरते. हिमयुगात जमीन गोठलेली असताना वितळत्या बर्फाच्या पाण्याने ही दरी कोरली, आणि नंतर ती कोरडीच राहिली. मेंढ्यांना पाणी मिळावे म्हणून धनगरांनी डोंगरमाथ्यावर चिकणमाती तुडवून तळी केली; नावात दव असले तरी ती भरतात मुख्यतः पावसाने. अण्णांनी दरीच्या काठावर काठी रोवली आणि म्हणाले, “इथं पेव काढून चालणार नाही. वरनं पाणी झिरपेल.”

पेव हा शब्द आमच्यात तेवीस वर्षांनी उच्चारला गेला. मी एकदम गुरुजींना काहीतरी विचारले. काय विचारले ते आठवत नाही.

आता घरचे थोडे सांगणे भाग आहे. वडील १९६८ साली गेले, तेव्हा अण्णा सोळा वर्षांचे होते आणि मी दहा. अण्णा शाळा सोडून सांगलीच्या गणपती पेठेतील हळदीच्या दुकानात गादीवर बसले. त्या दुकानाच्या पैशावर मी बी.कॉम. झालो, एम.कॉम. झालो, बँकेत अधिकारी झालो. २००१ साली आईच्या हयातीतच वाटणी करायचे ठरले आणि हिशेब मांडण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. दुकान, मालमोटार आणि हरिपूरची पेवे अण्णांकडे. विश्रामबागेतील भूखंड आणि काही रोख रक्कम माझ्याकडे. पेव म्हणजे हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल खणलेले कोठार. सांगलीबाहेरच्या वाचकांसाठी सांगितले. मी तक्ता नीट टंकलिखित करून आणला. त्यात माझ्या वाट्याचा भूखंड १९७९ सालच्या खरेदी किमतीला धरला होता आणि अण्णांच्या वाट्याची पेवे त्या दिवशीच्या बाजारभावाने. मालमोटार बारा वर्षे पळालेली होती, तिच्यावर हवा तेवढा घसारा मी धरला नव्हता. एकही आकडा खोटा नव्हता. कोणी तपासले असते तर ‘मूल्यांकनाच्या पद्धतीत सुसंगती नाही’ एवढाच शेरा मिळाला असता. असले शेरे मी स्वतः दुसऱ्यांच्या कागदांवर शेकड्यांनी मारले आहेत. अण्णांनी चष्मा न लावताच सही केली.

चार वर्षांनी, २००५ च्या पुरात, हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले.

‘सेव्हन सिस्टर्स’, म्हणजे सात बहिणी, हे समुद्राकाठच्या खडूच्या कड्यांच्या एका रांगेचे नाव आहे. डोंगर समुद्रापर्यंत येतात आणि सुरीने पाव कापावा तसे सरळ तुटतात. ही फेरी शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवली होती. ब्रायटनहून ईस्टबोर्नकडे जाणाऱ्या दुमजली बसने एक्सीटला उतरायचे, कुकमिअर नदीच्या वळणांच्या काठाने समुद्रापर्यंत जायचे आणि मग चढ-उतार करीत बर्लिंग गॅपला पोचायचे, सहा-साडेसहा किलोमीटर. वहिनी, सौ. आणि सूनबाई गाडीने परस्पर बर्लिंग गॅपला येणार होत्या. डबा त्यांच्याकडे, पाण्याच्या बाटल्या आमच्याकडे. जेवणाची घाई नव्हती, कारण जूनमध्ये तेथे सूर्य सव्वानऊला मावळतो. दिवसाउजेडी जेवण्याचा नेम इतका सोपा मी कुठे पाहिला नाही. (डिसेंबरात तो चारच्या सुमारास मावळतो, तेव्हा पुतण्या कार्यालयातच डबा उघडतो.)

पहिली बहीण सर्वांत उंच, ७७ मीटर. तिच्या माथ्यावरून पुढच्या सगळ्या एकदम दिसतात: हिरवी पाठ, पांढरी बाजू, खाली दुधाळ पाणी. कडेला कुंपण नाही. कड्याखालचा भाग लाटांनी पोखरलेला असतो, त्यामुळे काठापासून बरेच दूर चालायचे, हे गुरुजींनी आम्हाला दोनदा बजावले. किती झिजतो म्हणून मी विचारले. सरासरी काढली तर वर्षाला फूट-दीड फूट, पण सरासरीवर विसंबू नका, असे ते म्हणाले. वर्षानुवर्षे काही होत नाही, आणि मग एखाद्या ओल्या हिवाळ्यात एका रात्रीत कित्येक फुटांचा तुकडा खाली जातो. हजार वर्षांत दोन सेंटिमीटर ठेव आणि एका रात्रीत एवढी उचल. बँकेच्या माणसाला हे पटकन समजते. बांध घालून समुद्र अडवीत का नाहीत, असे अण्णांनी पुतण्यामार्फत विचारले. गुरुजींनी सांगितले की ढासळतो म्हणूनच कडा पांढरा दिसतो. ढासळणे थांबले तर काही काळाने त्यावर गवत चढेल आणि तो इतर उतारांसारखाच हिरवा होईल.

आम्ही दोघेही मनात माथे मोजत होतो. नावाप्रमाणे सात भरायला हवेत. माझे आठ भरत होते, अण्णांचेही आठ. “तुझ्यासारख्याची बेरीज चुकायची नाही,” अण्णा म्हणाले. ते सहज बोलले होते. पुतण्या आणि गुरुजी बरेच पुढे गेले होते. वारा समुद्राकडून येत होता आणि कान भरून टाकत होता. अशा वाऱ्यात बोलणे सोपे जाते, कारण समोरच्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

मी म्हणालो, “अण्णा, वाटणीत भूखंड मी जुन्या भावानं धरला होता. आणि पेवं नव्या भावानं.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“त्याच दिवसापासून. मुनीमजी रात्री घरी आले होते. म्हणाले, कागद परत मागवा. मी म्हटलं, आई आतल्या खोलीत आहे, तिच्या कानावर भावाभावांचा भाव जायला नको.”

“आणि मालमोटार?”

“ती दुसऱ्याच वर्षी भंगारात घातली,” असे म्हणून ते चक्क हसले.

आम्ही एक उतार उतरलो. गुडघ्यांना चढापेक्षा उतार जड जातो. अण्णा माझ्या खांद्यावर हात टेकून उतरले. पुढचा चढ अर्धा झाल्यावर ते थांबले.

“वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण ते गेलं. मला दुसरंच राहिलंय. पुराच्या वेळी तू फोन केला होतास, आठवतं? हळद सगळी भिजून नासली होती, वास मारत होती. मी दुकानात नुसता बसलो होतो. तू पहिलं काय विचारलंस?”

मला आठवत नव्हते. खरोखर आठवत नव्हते.

“विमा उतरवला होता का, असं विचारलंस.”

हा प्रश्न मी नोकरीत किती जणांना विचारला असेल याची गणती नाही. आग लागली, पूर आला, चोरी झाली, की कर्जदाराला पहिला प्रश्न हाच. तो विचारला नाही तर अधिकाऱ्याची चूक ठरते. माझ्या सख्ख्या भावाला तो मी कर्जदारासारखाच विचारला आणि फोन ठेवून जेवायला गेलो असेन. ज्या रकमेची मी तेवीस वर्षे मनात तरतूद करून ठेवली होती, ते खाते केव्हाच बंद झालेले होते. आणि जे थकले होते त्याची माझ्या वहीत नोंदसुद्धा नव्हती. मी काही बोलू शकलो नाही. अण्णांनीही उत्तराची वाट पाहिली नाही. “चल,” म्हणाले, “ते दोघं थांबलेत.”

बर्लिंग गॅपला कड्याच्या काठाशी तटरक्षकांच्या जुन्या घरांची एक रांग आहे. रांगेतील काही घरे समुद्र जवळ आल्याने एकेक करून पाडावी लागली. उरलेल्यांतील कडेचे घर आता आपली पाळी येईल तशी वाट पाहत उभे आहे. लोखंडी जिन्याने खाली किनाऱ्यावर जाता येत होते. आम्ही गेलो नाही. हिरवळीवर वहिनींनी चादर अंथरली होती. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि सांगलीहून आणलेला बिनलसणाचा भडंग. गुरुजींना भडंग फार आवडला. तिखटाने त्यांचे नाक लाल झाले, तरी ते घेतच राहिले. सौ. माझ्याकडे दोनदा निरखून पाहत होती. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येते, असे मी तिला सांगितले.

जेवणानंतर वरच्या टेकडीवरच्या बेल टाउट या जुन्या दीपगृहापर्यंत गेलो. १८३४ साली त्याचा दिवा लागला, आणि १९०२ साली खाली समुद्रातच नवे दीपगृह बांधल्यावर तो विझला. पुढे त्याचे राहते घर झाले. कडा झिजत झिजत अगदी दाराशी आला, तेव्हा १९९९ च्या मार्चमध्ये ते साडेआठशे टनांचे अख्खे दीपगृह खालून उचलून, तुळयांवरून सरकवत, १७ मीटर मागे नेले. पुन्हा गरज पडली तर पुन्हा सरकवता यावे अशी खाली सोय ठेवली आहे. अण्णांनी त्याला पूर्ण प्रदक्षिणा घातली. एवढ्या खर्चात नवीन बांधून झाले असते, असे त्यांचे व्यापारी मत पडले. गुरुजी म्हणाले, कदाचित झाले असते. मग दोघेही बराच वेळ खालचा पाया कसा असेल यावर हातवारे करून बोलत राहिले. एकाला मराठी येत नव्हते, दुसऱ्याला इंग्रजी, आणि पुतण्या मध्ये पडला नाही.

आम्ही जुलैच्या पहिल्या आठवड्यात परतलो. अण्णा सांगलीला, मी पुण्याला. त्या वर्षी क्षमावाणीला मीच आधी फोन केला. दरवर्षीचे ठरलेले शब्द तोंडाशी आले होते, ते मी बाजूला ठेवले आणि म्हणालो, “पेवांत पाणी शिरलं तेव्हा मी रजा टाकून यायला हवं होतं.”

पलीकडे थोडा वेळ दुकानातला पंखा ऐकू येत होता. कुणीतरी पोती मोजत होते.

“बरं,” अण्णा म्हणाले. “दिवाळीला चार दिवस आधी ये. आणि येताना ते बूट आण. हरिपूरपर्यंत चालत जाऊ.”